तीनचाकी मोटारसायकल : सुकाणू आणि टायर

तीनचाकी मोटारसायकल, अर्थात ट्राइक, हे मोटारसायकलप्रमाणे स्वार होऊन बसण्याचे, हँडलने वळवायचे आणि तीन चाकांवर चालणारे स्वयंचलित वाहन होय. दुचाकी मोटारसायकल वळताना आतल्या बाजूस कलते. नेहमीची ट्राइक मात्र कलू शकत नाही. या एका फरकामुळे दोन्ही वाहनांच्या सुकाणूचे आणि टायरचे कार्य मुळातूनच वेगळे होते. दुचाकीसाठी तयार केलेला पुढचा भाग तसाच ठेवून मागे दोन चाके बसविल्यास हँडल जड होते, पुढचे चाक थरथरू लागते, टायर लवकर झिजतो आणि वळणावर वाहन उलटण्याचा धोका वाढतो. ज्येष्ठ स्वार, तोल सांभाळण्यास असमर्थ व्यक्ती आणि दिव्यांग व्यक्ती यांच्याकडून अशा वाहनांचा मोठ्या प्रमाणावर वापर होत असल्याने या दोषांचे निवारण हा केवळ सोयीचा नव्हे, तर सुरक्षिततेचा प्रश्न ठरतो. प्रस्तुत लेखात हे दोष का निर्माण होतात आणि ते कसे कमी करता येतात याचे विवेचन केले आहे.

पार्श्वभूमी

तीन चाकांची रचना मोटारवाहनांच्या इतिहासाइतकीच जुनी आहे. कार्ल बेंझ यांनी १८८६ मध्ये पेटंट घेतलेली मोटारगाडी तीन चाकांचीच होती, कारण पुढची दोन चाके एकाच वेळी योग्य कोनात वळविण्याचा प्रश्न त्या वेळी त्यांना समाधानकारकपणे सुटलेला नव्हता. अमेरिकेतील हार्ले-डेव्हिडसन या कंपनीने १९३२ ते १९७३ या काळात सर्व्ही-कार नावाची तीनचाकी मोटारसायकल तयार केली. तिचा उपयोग पोलीस, गॅरेज आणि माल पोहोचविणारे व्यावसायिक करीत असत. याच कंपनीने २००९ सालच्या वाहनमालिकेत ट्राय ग्लाइड ही मोठी प्रवासी ट्राइक आणली. अमेरिकेत होंडाच्या गोल्ड विंग या मोटारसायकलीला मागील दोन चाकांचा संच जोडून ट्राइक करून घेण्याची पद्धतही रूढ आहे. कॅनडातील बीआरपी कंपनीने २००७ मध्ये बाजारात आणलेल्या कॅन-अॅम स्पायडर या वाहनात पुढे दोन आणि मागे एक चाक आहे.

भारतात तीनचाकी वाहनाचे सर्वपरिचित रूप म्हणजे ऑटोरिक्षा. इटलीतील पियाज्जो कंपनीने व्हेस्पा स्कूटरवरून १९४८ मध्ये आपे हे मालवाहू तीनचाकी विकसित केले आणि भारतातील रिक्षांची परंपरा त्याच घराण्यातून आली. महाराष्ट्रात बजाज ऑटोच्या वाळूज येथील आणि पियाज्जोच्या बारामती येथील कारखान्यांत तीनचाकी वाहने तयार होतात. सौराष्ट्रात मोटारसायकलीचा पुढचा भाग आणि मागे दोन चाकांची गाडी यांच्या संयोगातून छकडो हे वाहन रूढ झाले. ही सर्व वाहने दिसण्यात भिन्न असली तरी त्यांच्या सुकाणूमागील भौतिकी एकच आहे.

चाकांच्या मांडणीचे प्रकार

तीनचाकी वाहनांचे तीन ठळक प्रकार पडतात.

१. डेल्टा मांडणी : पुढे एक आणि मागे दोन चाके. सर्व्ही-कार, ट्राय ग्लाइड, छकडो आणि ऑटोरिक्षा या प्रकारात मोडतात.

२. टॅडपोल मांडणी : पुढे दोन आणि मागे एक चाक. या मांडणीचा आकार वरून बेडकाच्या पिलासारखा दिसतो, म्हणून हे नाव पडले. इंग्लंडमधील जुन्या मॉर्गन तीनचाकी गाड्या आणि स्पायडर ही याची उदाहरणे होत.

३. विषम मांडणी : मोटारसायकलीच्या एका बाजूस साइडकार जोडलेली असते. यात तिसरे चाक मध्यरेषेवर नसल्यामुळे डावे आणि उजवे वळण यांत वाहनाचे वर्तन वेगवेगळे असते.

याखेरीज कलणारी तीनचाकी हा एक स्वतंत्र वर्ग आहे. पियाज्जोची एमपी३ आणि यामाहाची निकेन या वाहनांची पुढची दोन्ही चाके वाहनासह कलतात. ती दुचाकीप्रमाणेच चालवावी लागतात आणि त्यांना दुचाकीसारखेच गोल माथ्याचे टायर लागतात. त्यामुळे पुढील विवेचन न कलणाऱ्या वाहनांपुरते आहे.

दुचाकी आणि तीनचाकी यांच्या वळण्यातील फरक

दुचाकी वेगात असताना उजवीकडे वळायचे असेल, तर स्वार हँडलची उजवी बाजू किंचित पुढे ढकलतो. चाक क्षणभर डावीकडे वळते, गाडी उजवीकडे कलते आणि मग ती उजवीकडे वळू लागते. याला प्रतिसुकाणू म्हणता येईल. बहुतेक स्वार ही क्रिया नकळत करतात. एकदा गाडी कलली की वळण्यास लागणाऱ्या बलाचा मोठा भाग कललेल्या टायरकडूनच मिळतो आणि हँडलवर फारसा जोर द्यावा लागत नाही.

ट्राइक कलत नसल्यामुळे तिचे हँडल ज्या दिशेला जायचे त्याच दिशेला वळवावे लागते. अनेक वर्षे दुचाकी चालविलेला स्वार पहिल्यांदा ट्राइकवर बसतो, तेव्हा सवयीने उजव्या वळणावर उजवी मूठ ढकलतो आणि वाहन डावीकडे जाऊ लागते. नवख्या ट्राइकस्वारांच्या दृष्टीने हा पहिला आणि गंभीर धोका होय. म्हणून रहदारीत उतरण्यापूर्वी मोकळ्या मैदानात मंद वेगाने सराव करणे आवश्यक मानले जाते.

वळताना वाहन कलत नसल्यामुळे सर्व आडवे बल टायरच्या बगलांवर आणि फोर्कवर येते. दुचाकीचा फोर्क मुख्यतः आपल्या लांबीच्या दिशेने येणारे धक्के झेलण्यासाठी बनविलेला असतो. ट्राइकमध्ये तो बाजूलाही वाकविला जातो. फोर्कच्या दोन्ही नळ्यांना जोडणारी मजबूत पट्टी बसविल्यास हा पीळ कमी होतो.

सुकाणूची भूमिती

रेक आणि ट्रेल

हँडल ज्या अक्षाभोवती फिरते तो सुकाणूचा अक्ष उभा नसतो, तर मागे झुकलेला असतो. उभ्या रेषेशी होणाऱ्या त्याच्या कोनाला रेक म्हणतात. हा अक्ष खाली वाढवला तर तो जमिनीला एका बिंदूत मिळतो. पुढचा टायर जमिनीला जेथे टेकतो ते ठिकाण या बिंदूच्या मागे असते. या दोन ठिकाणांमधील अंतर म्हणजे ट्रेल. ढकलगाडीची किंवा खुर्चीची फिरती चाके ओढताना आपोआप मागे वळून सरळ होतात, ती ट्रेलमुळेच. मोटारसायकलीचे पुढचे चाक सरळ राहू पाहते त्याचेही हे एक प्रमुख कारण आहे.

दुचाकीला पुरेसा ट्रेल आवश्यक असतो. ट्राइकमध्ये मात्र हाच गुण अडचणीचा ठरतो. वळताना टायरवर येणारे आडवे बल ट्रेलच्या तरफेने चाकाला सरळ करू पाहते आणि स्वाराला संपूर्ण वळणभर त्याच्याविरुद्ध हँडल धरून ठेवावे लागते. घाटातील सलग वळणांवर खांदे आणि मनगटे भरून येतात, ती यामुळेच.

ट्रेल कमी करण्याची पद्धत

येथे एक विरोधाभास आढळतो. केवळ रेक वाढविला, म्हणजे संपूर्ण फोर्क सुकाणूच्या अक्षासह अधिक झुकविला, तर ट्रेल वाढतो. ट्रेल कमी करण्यासाठी सुकाणूचा अक्ष आहे तसाच ठेवून फक्त फोर्कच्या नळ्या अधिक पुढे झुकवाव्या लागतात. फोर्कच्या नळ्यांना धरणारे वरचे व खालचे ब्रॅकेट, ज्यांना मिळून ट्रिपल ट्री म्हणतात, ते यासाठी कोन देऊन बनविलेले असतात. त्यामुळे चाकाचा आस पुढे सरकतो, टायर टेकण्याची जागा अक्षाच्या बिंदूजवळ येते आणि ट्रेल घटतो.

एका कल्पित वाहनाच्या हिशेबाने हे स्पष्ट होईल. चाकाची त्रिज्या ३१० मि.मी., रेक २७ अंश आणि चाकाच्या आसाचे सुकाणूच्या अक्षापासूनचे लंब अंतर ६० मि.मी. मानू. त्रिज्येला २७ अंशांच्या ज्येने गुणून त्यातून हे अंतर वजा केले आणि बाकीला २७ अंशांच्या कोज्येने भागले, की ट्रेल मिळतो. तो येथे सुमारे ९१ मि.मी. येतो. आता ६०० मि.मी. लांबीच्या फोर्कला ब्रॅकेटमधून ४ अंश अधिक झुकविले, तर आसाचे लंब अंतर सुमारे १०२ मि.मी. होते आणि ट्रेल ४४ मि.मी. उरतो. म्हणजे केवळ ४ अंशांच्या बदलाने ट्रेल निम्म्याहून कमी झाला.

हातांवरील भार किती घटतो हेही पाहता येते. पुढच्या चाकावर १५० किलोग्रॅम भार असून वळणावरील आडवे त्वरण गुरुत्वीय त्वरणाच्या ०.४ पट असेल, तर पुढच्या टायरवर सुमारे ५९० न्यूटन आडवे बल येते. पहिल्या स्थितीत दोन मुठींमध्ये ७६ सें.मी. अंतर धरल्यास प्रत्येक हाताला सुमारे ६ किलोग्रॅम वजनाइतका जोर सतत लावावा लागतो. दुसऱ्या स्थितीत तो ३ किलोग्रॅमच्या आसपास येतो. प्रत्यक्षात टायरच्या लवचीकपणामुळे यात काही भर पडते, तथापि प्रमाण साधारण हेच राहते.

हार्ले-डेव्हिडसनच्या वाहनांत या तत्त्वाचे प्रत्यक्ष उदाहरण दिसते. त्यांच्या मोठ्या प्रवासी दुचाकीचा ट्रेल १७० मि.मी.च्या आसपास असतो, तर ट्राय ग्लाइडमध्ये फोर्कचा कोन वाढवून तो सुमारे १०० मि.मी.वर आणलेला आहे. साइडकारच्या जगात ही युक्ती त्याहून जुनी आहे. १९५० आणि १९६० च्या दशकांतील काही बीएमडब्ल्यू मोटारसायकलींच्या अर्ल्स फोर्कमध्ये पुढच्या झुलत्या दांड्यासाठी दोन वेगळी छिद्रे असत. एक दुचाकीसाठी आणि दुसरे साइडकार जोडल्यावर ट्रेल कमी करण्यासाठी.

अशा प्रकारे बदललेला फोर्क पुन्हा दुचाकीवर वापरणे अत्यंत घातक असते. ट्राइकला सोयीचा असलेला कमी ट्रेल दुचाकीला अस्थिर करतो. जोडलेली चाके काढून वाहन पुन्हा दुचाकी करताना मूळ ब्रॅकेट परत बसविणे अनिवार्य आहे.

थरथर आणि डॅम्पर

ट्रेल फार कमी केल्यास हँडल हलके होते, परंतु चाकाची आपोआप सरळ होण्याची प्रवृत्तीही क्षीण होते. मग सरळ रस्त्यावर वाहन इकडेतिकडे भटकते आणि मध्यम वेगावरून वेग कमी होत असताना हँडल डावी-उजवीकडे झपाट्याने थरथरते. यावर उपाय म्हणून हँडल आणि चौकट यांच्यामध्ये एक छोटा द्रवचलित डॅम्पर बसवितात. तो हँडलच्या संथ हालचालीला फारसा अडथळा करीत नाही, पण जलद थरथर शोषून घेतो. ट्राय ग्लाइडमध्ये असा डॅम्पर कारखान्यातूनच बसविलेला असतो.

डॅम्पर हा मूळ दोष झाकण्याचा उपाय होऊ नये. थरथरीमागे पुष्कळदा पुढच्या चाकाचे असंतुलन, टायरमधील कमी हवा, चाकाच्या बेअरिंगची झीज किंवा सुकाणूच्या बेअरिंगचा सैलपणा ही कारणे असतात. या शेवटच्या बेअरिंगला आपल्याकडील गॅरेजांत कोनसेट म्हणतात. ट्राइकमध्ये कोनसेटवर आडवा ताण अधिक येत असल्याने तो दुचाकीच्या मानाने लवकर खराब होतो. पुढचे चाक उचलून फोर्कची खालची टोके पुढे-मागे हलविल्यास खटखट जाणवली, तर कोनसेट सैल आहे. हँडल मध्यभागी अडकल्यासारखे वाटले, तर त्याच्या वाट्यांना खळगे पडले आहेत आणि तो बदलणेच योग्य.

पुढे दोन चाके असतील तर

टॅडपोल मांडणीत सुकाणू मोटारगाडीसारखे असते. वळताना आतले चाक लहान वर्तुळावर आणि बाहेरचे मोठ्या वर्तुळावर फिरते; म्हणून आतले चाक थोडे अधिक वळावे लागते. जोडदांड्यांची ही रचना अॅकरमन भूमिती या नावाने ओळखली जाते. दोन्ही चाके सरळ स्थितीत एकमेकांना जवळजवळ समांतर असली पाहिजेत. त्यांची पुढची टोके आत किंवा बाहेर वळलेली असतील, तर टायर सतत घासत चालतात आणि वाहन रस्त्यावरील प्रत्येक चाकोरीमागे धावते. सरळ जाताना हँडल तिरके दिसणे, वाहन एका बाजूस ओढले जाणे किंवा टायरच्या फक्त एका कडेवर करवतीसारखी झीज दिसणे ही अलाइनमेंट बिघडल्याची लक्षणे होत. मोटारगाडीप्रमाणे यंत्रावर अलाइनमेंट तपासणे हा यावरील सर्वांत फलदायी आणि तुलनेने स्वस्त उपाय आहे. स्वार बसलेला असताना निलंबन खाली दबते आणि कोन बदलतात. म्हणून तपासणी स्वाराच्या वजनासह करावी.

उलटण्याची मर्यादा

चार चाकांचे वाहन आयतावर उभे असते, तीन चाकांचे त्रिकोणावर. वाहनाचा गुरुत्वमध्य या त्रिकोणाच्या तिरप्या बाजूपासून जितका आत आणि जितका खाली, तितके वाहन स्थिर. डेल्टा मांडणीत मागच्या दोन चाकांमधील अंतर १.२ मी., पुढच्या व मागच्या आसांमधील अंतर १.७ मी., गुरुत्वमध्य पुढच्या आसापासून १.१ मी. मागे आणि जमिनीपासून ०.६ मी. उंच असेल, तर आडवे त्वरण गुरुत्वीय त्वरणाच्या सुमारे ०.६५ पट होताच आतले चाक उचलले जाईल. तेवढ्याच रुंदीच्या आणि उंचीच्या चारचाकी वाहनासाठी ही मर्यादा १.० पट येते. २० मी. त्रिज्येच्या वळणावर या ट्राइकची मर्यादा ताशी सुमारे ४० कि.मी. ठरते. निलंबन व टायर दबत असल्याने आणि रस्ता सपाट नसल्याने प्रत्यक्षातील मर्यादा यापेक्षाही कमी असते.

या हिशेबातून एक महत्त्वाचा निष्कर्ष निघतो. कोरड्या चांगल्या डांबरी रस्त्यावर टायरची पकड बहुधा ०.६५ पेक्षा अधिक असते. म्हणजे वरील ट्राइक घसरण्याआधी उलटेल. अशा वाहनाला अधिक रुंद आणि अधिक चिकट टायर बसविल्याने ते अधिक सुरक्षित होत नाही. उलट घसरण्याच्या रूपाने मिळणारी पूर्वसूचना नाहीशी होते. सुधारणा करायची असेल तर मागच्या चाकांमधील अंतर वाढविणे, बैठक व सामान खाली आणणे आणि वजन दोन चाकांच्या आसाजवळ ठेवणे हे खरे उपाय आहेत. डेल्टा ट्राइकवर जड सामान मागच्या आसाजवळ, शक्य तितके खाली ठेवावे. मात्र पुढच्या चाकावरील भार फारच घटला, तर ओल्या किंवा रेताड रस्त्यावर हँडल वळवूनही वाहन सरळच जात राहते. या दोहोंतील समतोल साधावा लागतो.

वळणात ब्रेक लावण्याचा परिणामही मांडणीनुसार बदलतो. डेल्टा ट्राइकमध्ये ब्रेक लावताच भार पुढे, त्रिकोणाच्या अरुंद टोकाकडे सरकतो आणि उलटण्याचा धोका वाढतो. म्हणून वेग वळणापूर्वीच कमी करणे हा डेल्टा वाहन चालविण्याचा पहिला नियम होय. ऑटोरिक्षा उलटण्याच्या बाबतीतही हेच कारण लागू पडते. टॅडपोल मांडणीत ब्रेकमुळे भार रुंद बाजूकडे जातो, म्हणून ती मांडणी या बाबतीत सरस आहे. स्पायडरमध्ये तर चाक उचलले जाण्याची चाहूल लागताच इंजिनची शक्ती कमी करून निवडक चाकांना ब्रेक लावणारी इलेक्ट्रॉनिक प्रणाली बसविलेली असते.

मातीच्या रस्त्यांवर वापरल्या जाणाऱ्या, जाड व मऊ टायरांच्या तीनचाकी वाहनांचा अमेरिकेतील अनुभव या संदर्भात बोलका आहे. होंडाने १९७० मध्ये आणलेला हा प्रकार लोकप्रिय झाला. परंतु अपघात वाढल्याने १९८८ मध्ये ग्राहकसुरक्षा आयोग आणि उत्पादक यांच्यात न्यायालयाच्या संमतीने करार होऊन नव्या तीनचाकी वाहनांची विक्री थांबविण्यात आली आणि त्यांची जागा चारचाकींनी घेतली.

दोन चाकांच्या आसावर पीळदांडा, म्हणजे अँटीरोल बार, बसविल्यास वळणावर वाहनाचे अंग कमी झुकते आणि स्वाराला आत्मविश्वास वाटतो. मात्र एकेरी चाक आडव्या झुकावाला कोणताही विरोध करीत नसल्याने वळणातील भाराचे सर्व स्थलांतर दोन चाकांच्या आसावरच होते; पीळदांड्याने ते बदलत नाही. म्हणून उलटण्याची मूळ मर्यादा त्याने फारशी वाढत नाही, हे लक्षात ठेवणे आवश्यक आहे.

टायर

आकार

दुचाकीचा टायर आडव्या छेदात गोल असतो, जेणेकरून गाडी कलली तरी त्याचा जमिनीशी संपर्क टिकून राहावा. मोटारगाडीचा टायर सपाट असतो आणि तो उभा राहूनच आडवे बल पेलतो. न कलणाऱ्या ट्राइकसाठी तत्त्वतः दुसरा प्रकार योग्य होय. म्हणूनच डेल्टा ट्राइकच्या मागे बहुतेकदा मोटारगाडीचे टायर असतात. पुढे मात्र पुष्कळदा मोटारसायकलीचाच गोल टायर राहतो. त्याचा फक्त माथा जमिनीला टेकत असल्याने तो मध्यभागी सपाट होत जातो आणि वळणावर त्याची बगल दुमडते. अशा जागी भारक्षमता अधिक असलेला, कडक बगलेचा आणि तुलनेने सपाट माथ्याचा टायर निवडल्यास सुकाणूचा प्रतिसाद सुधारतो. टायर रिमच्या रुंदीला साजेसा असावा आणि वळताना फोर्कला किंवा मडगार्डला घासत नाही याची खात्री करावी.

हवेचा दाब

टायरवर छापलेला कमाल दाब हा वापरावयाचा दाब नव्हे. मोटारगाडीचा टायर ट्राइकवर बसविला की त्याच्या वाट्याला मोटारगाडीपेक्षा बराच कमी भार येतो. तेथे मोटारगाडीचा दाब भरल्यास टायर मध्यभागीच टेकतो, पकड कमी होते आणि प्रत्येक खड्डा थेट पाठीच्या कण्यापर्यंत पोहोचतो. दाब फार कमी ठेवल्यास बगल दुमडते, हँडल वळविल्यावर वाहन उशिरा प्रतिसाद देते आणि टायर तापतो. वाहनाच्या उत्पादकाने दाब ठरवून दिला असेल तर तोच पाळावा.

बदल करून घेतलेल्या वाहनासाठी खडूची चाचणी उपयोगी पडते. टायरच्या माथ्यावर आडवी खडूची रेघ ओढून, नेहमीचे वजन घेऊन, सपाट डांबरी रस्त्यावर थोडे अंतर सरळ चालवावे. रेघ फक्त मध्यावर पुसली गेली तर दाब अधिक आहे, फक्त कडांवर पुसली गेली तर कमी आहे, आणि सर्वत्र सारखी पुसली गेली तर योग्य आहे. दाब एका वेळी थोडाच बदलावा, टायर थंड असतानाच मोजावा आणि जोडीच्या दोन्ही चाकांत तो समान ठेवावा. ही चाचणी सपाट माथ्याच्या टायरसाठी आहे. गोल टायरला ती लागू पडत नाही.

पावसाळा

हलके वाहन, रुंद टायर आणि कमी दाब या तिन्हींचा संयोग साचलेल्या पाण्यावर प्रतिकूल ठरतो. टायरला पाण्याचा थर भेदता येत नाही आणि तो पाण्यावर तरंगू लागतो. यावर उत्तम उपाय वेग कमी करणे हाच आहे. ट्राइकच्या चाकांच्या तीन वेगळ्या वाटा पडतात. खड्डा दोन चाकांच्या मधून घ्यावा म्हटले तर तो एकेरी चाकाखाली येतो. एकेरी चाक रस्त्याच्या ज्या पट्ट्यावरून जाते तेथे इतर वाहनांचे तेल सांडलेले असते आणि पहिल्या पावसात तो पट्टा निसरडा होतो. रस्त्याचा पृष्ठभाग पाणी वाहून जावे म्हणून कडेकडे उतरता असतो. त्यामुळे भारतात ट्राइक किंचित डावीकडे ओढली जाणे स्वाभाविक आहे. तो नेहमीच अलाइनमेंटचा दोष असतो असे नाही.

वय आणि झीज

ट्राइकचे अंतर पुष्कळदा हळूहळू वाढते. अशा वेळी नक्षी शिल्लक असूनही रबर वयाने कडक झालेले असते. टायरच्या बगलेवरील चार अंकी संकेत त्याची जन्मतारीख सांगतो. उदाहरणार्थ, २३१९ म्हणजे २०१९ सालातील तेविसावा आठवडा. बगलेवर बारीक भेगा दिसू लागल्यास नक्षीकडे न पाहता टायर बदलावा.

बाजूची चाके जोडलेल्या स्कूटर

भारतात दिव्यांग व्यक्तींसाठी स्कूटरच्या मागच्या चाकाच्या दोन्ही बाजूंस एकेक जादा चाक जोडतात. गणनेने हे वाहन चार चाकांचे असले तरी ते कलत नसल्याने त्याचे वर्तन डेल्टा ट्राइकसारखेच असते. येथे एक वेगळा दोष संभवतो. बाजूची चाके ताठ बसविलेली असतील आणि मधले चाक खळग्यात आले, तर सर्व भार बाजूच्या चाकांवर जातो, शक्ती देणारे व ब्रेक असलेले मधले चाक अधांतरी होते आणि वाहन ना पुढे जाते, ना नीट थांबते. म्हणून बाजूच्या चाकांना स्वतंत्र स्प्रिंग व शॉकअॅब्सॉर्बर असणे, ती दोन्ही सारख्या उंचीवर व समांतर असणे आणि त्यांतील हवा वारंवार तपासणे अत्यावश्यक आहे. चालकाचे स्वतःचे वजन घेऊनच ही जुळवणी करावी. रिकाम्या वाहनावर केलेली जुळवणी फसवी असते.

मोटार वाहन अधिनियम, १९८८ च्या कलम ५२ अन्वये वाहनातील फेरबदलांवर निर्बंध आहेत, तर दिव्यांग व्यक्तीच्या वापरासाठी बदललेल्या वाहनाला कायद्यात अनुकूलित वाहन म्हणून स्वतंत्र स्थान आहे. असा बदल परिवहन कार्यालयात नोंदविणे विम्याच्या दृष्टीनेही महत्त्वाचे असते.

सुधारणांचा क्रम

सुकाणूचा त्रास असलेल्या तीनचाकीत खर्चिक सुटे भाग बदलण्यापूर्वी पुढील क्रम पाळणे हितावह ठरते.

१. सर्व टायरमधील हवा, झीज, वय आणि चाकांचे संतुलन तपासावे.
२. चाकांची बेअरिंगे, कोनसेट आणि झुलत्या दांड्यांचे बुश यांतील सैलपणा काढावा.
३. मागचा आस वाहनाच्या मध्यरेषेशी काटकोनात आहे का, हे दोन्ही बाजूंनी मोजून पाहावे. पुढे दोन चाके असल्यास अलाइनमेंट करून घ्यावे.
४. स्वार व सामान यांच्या वजनानुसार स्प्रिंगचा ताण जुळवावा आणि सामानाची मांडणी सुधारावी.
५. हँडल तरीही जड असेल, तर त्या वाहनासाठीच बनविलेल्या कोनयुक्त ब्रॅकेटद्वारे ट्रेल कमी करावा.
६. ट्रेल कमी केल्यानंतर थरथर जाणवल्यास डॅम्पर बसवावा.
७. अंग झुकण्याचा त्रास होत असल्यास पीळदांड्याचा विचार करावा.

एका वेळी एकच बदल करून त्याच रस्त्यावर चाचणी घ्यावी; अन्यथा कोणत्या बदलाचा कोणता परिणाम झाला हे कळत नाही. चौकटीला किंवा फोर्कला स्थानिक पातळीवर वेल्डिंग करून कोन बदलणे टाळावे, कारण तेथील जोड निखळल्यास सुकाणूच हातातून जाते.

चालविण्याचे तंत्र

यांत्रिक सुधारणांइतकेच स्वाराचे तंत्र महत्त्वाचे आहे. वळणापूर्वी वेग कमी करावा. वळताना बाहेरची मूठ ढकलावी आणि आतली ओढावी. शरीराचे वजन वळणाच्या आतल्या बाजूस न्यावे. मागे बसलेल्या व्यक्तीनेही तसेच करावे. दुचाकीच्या सवयीने थांबताना पाय जमिनीवर टेकवू नये, कारण मागचे चाक त्यावरून जाऊन गंभीर दुखापत होऊ शकते. अरुंद जागेतून जाताना वाहनाची रुंदी पुढच्या चाकाने नव्हे, तर मागच्या चाकांनी ठरते, याचे भान ठेवावे.

हेही पहा

ऑटोरिक्षा
साइडकार
मोटारसायकल
गुरुत्वमध्य
टायर